कांद्याऐवजी घेवडा

विद्यापीठात टीचिंग असिस्टंट म्हणजे नक्की कोण, हे मला पाच वर्षांत कुणी धड सांगितलेलं नाही. नेमणुकीच्या पत्रावर 'शिक्षण सहायक' असं छापलेलं असतं. मुलं 'टीए ताई' म्हणतात. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख प्रमोदिनी मॅडम पाहुण्यांना 'ही आमची भार्गवी' एवढीच ओळख करून देतात, आणि तिकडे कोरेगावात माझी आई 'सांगलीला प्रोफेसर हाय' असं सांगून मोकळी होते. काम विचाराल तर मॅडम वर्गात शिकवतात, मुलं परीक्षेत लिहितात आणि या दोन्हींच्या मधलं सगळं मी करते. प्रॅक्टिकलची तयारी, जर्नलवर सह्या, चाचण्यांचे गुण, कुणाला ताप आलाय, कुणाचा एस.टी.चा पास संपलाय, कोण रडतंय आणि कशासाठी. मॅडमना मुलांची नावं ठाऊक नसतात आणि मुलांना मॅडमच्या केबिनचं दार ढकलायची हिंमत नसते, त्यामुळे दोन्हीकडचे निरोप माझ्याच गळ्यात.

तक्रार करतेय असं वाटलं असेल, तर करतेच आहे. पण माझा या कामावर जीव आहे, हेही सांगून टाकते. म्हणूनच गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ते हातचं जातंय असं वाटायला लागलं, तेव्हा मला अन्न गोड लागेना.

आमची नेमणूक एका सत्रापुरती असते. सत्र संपत आलं की मॅडमनी शिफारस पाठवायची, मग वरून पत्र येणार, मग आम्ही पुन्हा सहा महिने माणसांत. शिफारस गेली का, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. निदान मी तरी कधी विचारलं नव्हतं. माझ्याआधी वीरधवल नावाचा मुलगा होता, तो एका सुट्टीनंतर परत दिसलाच नाही. प्रयोगशाळेतले परिचर दादासो त्याची गोष्ट आवाज खाली आणून सांगत. "मॅडमला न इचारता कायतरी केलं बगा त्यानं. मग काय, झाली उचलबांगडी." काय केलं, ते दादासोंनाही माहीत नव्हतं. मला मात्र तेवढं पुरलं. मॅडमना न विचारता काही म्हणजे काही करायचं नाही, अशी खूणगाठ बांधून मी चार वर्षं काढली. पाचव्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रीती मगदूम आली.

प्रीती माधवनगरची, जैन घरातली. तिथून पुढे त्यांचा मळा आहे, द्राक्षं आणि हळद. मुलगी इतकी गप्प की पहिले पंधरा दिवस तिचा आवाज कसा आहे ते मला कळलं नव्हतं. तो कळला जुलैच्या शेवटी, कांद्याच्या प्रॅक्टिकलला.

हे प्रॅक्टिकल वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक मुलाच्या नशिबी असतं. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसवून ठेवायचा. दोन-तीन दिवसांत खाली पांढरी मुळं सुटतात. त्यांची टोकं कापायची, रंगात घालून दिव्यावर जरा गरम करायची, काचेच्या पट्टीवर ठेवून वर पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. नीट जमलं तर मायक्रोस्कोपखाली विभागत असलेल्या पेशी दिसतात आणि त्यांत गुणसूत्रं. कांद्याला ती सोळा असतात आणि चांगली ठळक असतात, म्हणून सगळीकडे कांदाच घेतात.

दादासोंनी दहा बाटल्यांवर दहा कांदे मांडले होते. सगळी मुलं कात्र्या घेऊन त्यांच्याभोवती जमली आणि प्रीती हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिली.

"ताई, मला न्हाई जमणार."

"का? हात दुखतोय?"

"चातुर्मासाचा नियम घेतलाय. कंदमूळ खायचं न्हाई, चिरायचं न्हाई, हातातबी घ्यायचं न्हाई. आजीबरोबर माताजींपुढं घेतलाय."

माझी जीभ जरा तिखट आहे. मी म्हणाले, "मग वनस्पतिशास्त्र कशाला घेतलंस गं? आणि घरची हळद काय झाडाला लागते का?" सगळा वर्ग हसला. प्रीतीचे कान लाल झाले. तरी ती म्हणाली, "वाळल्यावर चालती हळद. आणि ओल्या हळदीला मी हात लावत न्हाई, ताई. दिवाळीपतोर." मान खाली होती, पण शब्द एकही मागे घेतला नाही.

मुलांना हसवलं याचं मला नंतर वाईट वाटलं. तास संपल्यावर मी तिला थांबवून विचारलं, "मोड आलेलं कडधान्य चालतं का तुला?" तिने जरा विचार केला. "नियम कंदमुळाचा घेतलाय. जेवढा घेतलाय तेवढा पाळते." म्हटलं, बरं झालं, मुलगी हिशेबी आहे.

त्या रविवारी मी कोरेगावला गेले होते. परत निघताना आईने नेहमीप्रमाणे पिशवीत वाघ्या घेवडा बांधून दिला. अंगावर लालसर पट्टे असलेला हा आमच्याकडचा घेवडा. भाजी करा, उसळ करा, गाडीभर कौतुक सांगा. मी मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवला. तीन दिवसांत त्याला सरळ पांढरी मुळं आली आणि प्रीतीने त्यांच्यावर प्रॅक्टिकल केलं. जर्नलात तिने घेवडा असं लिहिलं आणि मी मुकाट सही केली. मॅडमना विचारलं नाही. आदल्या वर्षी एका फुलाऐवजी दुसरं घेऊ का म्हटल्यावर त्या चष्म्यावरून बघून म्हणाल्या होत्या, "अभ्यासक्रमात काय लिहिलंय?" तेव्हापासून मी धसकाच घेतला होता. शिवाय एका मुलीच्या एका प्रॅक्टिकलचं काय एवढं, दिवाळीनंतर हाताळेल की कांदा.

पण विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा लागली दिवाळीच्या आधी आठ दिवस. आणि तयारीसाठी आमच्याकडे आधी आलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठीवर पहिलाच प्रश्न, पंधरा गुणांचा: कांद्याच्या मुळाच्या टोकापासून स्लाइड तयार करा.

मॅडमकडे जावं, असं मला दिवसातून दहादा वाटलं. केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेलेही. पण त्याच महिन्यात शिफारशी जातात, असा माझा अंदाज. न विचारता जुलैत घेवडा वापरला हे आधी सांगावं लागणार, मग परीक्षेतही वापरू का विचारावं लागणार, आणि मग वीरधवलच्या वाटेने मी कोरेगावला आईचा घेवडा निवडत बसणार. दोन्ही वेळा मी दारातूनच परतले.

मग मी एक शक्कल लढवली. परीक्षेला मुलांना मुळं आयतीच देतात, आधी कापून स्पिरिटमध्ये ठेवलेली, प्रत्येकाला एक छोटी बाटली. स्पिरिटमधली मुळं दिसायला सारखीच. प्रीतीच्या बाटलीत घेवड्याची मुळं घातली की झालं. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"तू फक्त गप्प बस. आपण होऊन काही सांगायचं नाही."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? सगळ्या वर्गाला कांदा दिलाय म्हटल्यावर तुझी एकटीची वेगळी आहे असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?"

तिने मान हलवली. ती मान नक्की कुठल्या दिशेने हलली ते मी नीट पाहिलं नाही. मला होकारच हवा होता, मी तो घेतला.

दोन दिवसांनी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचं नाव कळलं. साताऱ्याचे सुमंत सर. मी साताऱ्याला शिकत होते तेव्हा ते दुसऱ्या कॉलेजात होते, पण त्यांची ख्याती आमच्यापर्यंत पोचलेली होती. बाकीचे परीक्षक उभ्या उभ्या मायक्रोस्कोपात एक डोळा घालून पुढे जातात. सुमंत सर म्हणे स्टूल ओढून बसतात.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दादासो बाटल्या मांडत होते. एक बाटली त्यांनी उजेडात धरली.

"आवं म्याडम, ह्यातली मुळं जरा येगळीच दिसत्यात की."

"दादासो, ती अकरा नंबरच्या टेबलावर ठेवा आणि विसरून जा."

"इसरलो," ते म्हणाले, आणि त्यानंतर दिवसभर अकरा नंबरच्या टेबलावरून त्यांची नजर काही हलली नाही.

सुमंत सर दहाच्या ठोक्याला आले. लहानखुरे, पांढऱ्या केसांचे, खिशात काचा पुसायचं स्वतःचं फडकं. मॅडम विद्यापीठाच्या बाजूने परीक्षक होत्या, त्या त्यांच्याबरोबर टेबलामागून टेबल फिरत होत्या. सर खरोखरच प्रत्येक ठिकाणी स्टूल ओढून बसत होते. मी स्पिरिटच्या दिव्यांची देखरेख करत असल्याचं दाखवत होते. एक दिवा मी तीनदा विझवून पेटवला.

अकरा नंबरला सर बसले. बराच वेळ बघत राहिले. पट्टी थोडी डावीकडे सरकवली, थोडी उजवीकडे.

"कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं किती?"

"सोळा, सर," प्रीती म्हणाली.

"तुझ्या स्लाइडमध्ये किती आहेत?"

मी सरांच्या पाठीमागे होते. मी तिच्याकडे बघून मान जोरजोरात हलवली. मला म्हणायचं होतं, मोजता आली नाहीत म्हण, एवढंच म्हण आणि सुटून जा. प्रीतीने माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं.

"सर, ही कांद्याची न्हाई."

माझ्या हातातली काडीपेटी खाली पडली. कांद्यापासून हिला वाचवताना आपण हिला खोटेपणात ढकललं, हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. जी मुलगी दिलेल्या शब्दासाठी कांद्याला हात लावत नाही, ती परीक्षकासमोर खोटं बोलेल, असं मी कशाच्या जोरावर धरून चालले होते? नियमातला कांदा तेवढा मला दिसला होता. नियम पाळणारी पोरगी दिसलीच नव्हती.

"मग कशाची आहे?" सरांनी विचारलं.

"वाघ्या घेवड्याची. बावीस पायजेत. मला अजून नीट मोजता आली न्हाईत."

"घेवडा?" मॅडम पुढे आल्या. "परीक्षेत घेवडा कुठून आला?"

प्रीती खोटं बोलणार नव्हती आणि माझं नावही घेणार नव्हती. टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिली. दादासोंनी स्वच्छ धुतलेला बीकर पुन्हा धुवायला घेतला. मी गप्प बसले असते तर कदाचित तिने स्वतःच आणला असं वाटून गेलं असतं. मी शूर बाई नाही. पण त्या मुलीनंतर तिथे गप्प बसायची मला लाज वाटली.

"मी दिला, मॅडम."

आणि मग मी सगळंच सांगितलं. जुलैचं प्रॅक्टिकल, आईची पिशवी, बदललेली बाटली, आणि तिला गप्प बस म्हणून मीच बजावलं होतं तेही. एका दमात. आजूबाजूच्या मुलांनी काम थांबवलं होतं. मॅडमच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलत नव्हती.

सरांनी प्रीतीला विचारलं, "कांदा का नको?"

"नियम हाय, सर. दिवाळीपतोर."

"आणि हे पंधरा गुण गेले असते तर?"

"गेले असते. बाकीच्यात पास झाले असते. मी मोजून ठेवलं होतं."

हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. तीन आठवडे मी तिला वाचवायला धडपडत होते आणि पोरीने आपला निर्णय कधीच घेऊन टाकला होता.

सरांनी खिशातून फडकं काढून मायक्रोस्कोपची डोळ्याकडची काच पुसली. "पर्यायी साहित्य दोन्ही परीक्षकांनी सही करून नोंदवलं तर चालतं," ते मॅडमना म्हणाले. "आपल्याकडे आधीपासून सोय आहे त्याची. कुणी मागत नाही, एवढंच." मॅडमनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, म्हणजे दोन मिनिटांचं काम होतं!

"पण ही स्लाइड मी धरणार नाही," सर प्रीतीला म्हणाले. "पेशी एकमेकींवर चढल्यात. दुसरी कर. घेवड्याचीच, आत्ता, माझ्यासमोर." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही जरा लांब उभ्या राहा."

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. घेवड्याची गुणसूत्रं म्हणजे नुसते ठिपके. भल्याभल्यांची दमछाक होते. माझ्या हट्टापायी या मुलीचे पंधरा गुण जाणार आणि माझी नोकरीही जाणार, दोन्ही एकाच सकाळी, असं मी धरून चालले. प्रीतीने मात्र मूळ उचललं, टोक तेवढंच ठेवलं, बाकीचं कापून टाकलं. रंगाचा थेंब. दिव्यावरून काच तीन-चारदा हलकेच फिरवली. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टकटक केलं, टिपकागद ठेवला आणि अंगठ्याने दाबलं. मग तिने स्वतः मायक्रोस्कोपात पाहिलं, स्क्रू फिरवला, पुन्हा पाहिलं, आणि तशीच बघत राहिली. सरांना शेवटी "मला बघू देशील का?" असं विचारावं लागलं.

सर बसले. ओठ हलत होते. मोजत होते. मग त्यांनी मॅडमना बोलावलं, मॅडमनीही पाहिलं.

"एकवीस," मॅडम म्हणाल्या.

"बावीस. एक कडेला लपलंय, खालच्या बाजूला."

"हो की," मॅडम म्हणाल्या.

सर उठले. "छान केलीस. पण घेवडा देण्याची कल्पना कुणाची? वाटाणा दिला असता तर पोरीला सोपं गेलं असतं. चौदाच, आणि मोठी मोठी."

"घरचा होता, सर," मी खिडकीपासूनच म्हणाले.

"कोरेगावच्या का तुम्ही?"

"व्हय," माझ्या तोंडून निघून गेलं. सकाळपासून पहिल्यांदा सर हसले. मागे दादासोंनी तो बीकर एकदाचा जागेवर ठेवला. प्रीतीचं निभावलं होतं. माझं अजून बाकी होतं, कारण मॅडम हसल्या नव्हत्या.

सर गेले आणि पाच वाजता मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. बस म्हणाल्या.

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणाले असते कदाचित. मग तू पुन्हा विचारायचं होतंस. त्या वेळी फुलाचं विचारलंस, मी अभ्यासक्रमात काय लिहिलंय म्हटलं, तर तू उत्तर न देताच पळालीस. मला खरंच आठवत नव्हतं काय लिहिलंय ते."

"घेवड्याचं मला काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्या मुलीला गप्प बस म्हणालीस, ते मला आवडलेलं नाही. तिच्या जर्नलवर तुझी सही लागते. ती तुला नाही कशी म्हणणार?"

ते मला लागलं. विद्यापीठातल्या सगळ्यात खालच्या पायरीवर मी, मी सगळ्यांना घाबरायचं, असंच मी पाच वर्षं समजत होते. माझ्याही खाली कुणी आहे आणि ते मला घाबरत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि मी ते मॅडमना तसंच सांगितलं. "माझं चुकलं," म्हणाले. मग म्हटलं आता एवढं सगळं बोललोच आहोत तर तेही विचारून घेऊ, जे व्हायचं ते होऊ दे.

"मॅडम, माझी शिफारस..."

"कसली?"

"पुढच्या सत्राची."

"ती गेली की. गणपती झाल्या झाल्या पाठवली. का?"

"मग सांगितलं नाहीत?"

"दर वेळी जातेच ना. त्यात सांगायचं काय? तू कधी विचारलंही नाहीस. मला वाटलं तुला त्याची फिकीर नसते."

"आणि वीरधवल? त्याला का काढलं मग?"

"त्याला कोण काढतंय! पुण्यात बियाण्यांच्या कंपनीत लागला तो. पेढे घेऊन आला होता. कुणी सांगितलं तुला काढलं म्हणून?"

दादासोंचं नाव मी घेतलं नाही. मला हसू यायला लागलं. ते थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेही थांबेना. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. मॅडम आधी घाबरल्या, मग त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, मग कॅन्टीनला फोन करून दोन चहा सांगितले. पाच वर्षांत आम्ही दोघींनी एकत्र घेतलेला तो पहिला चहा. त्या बिनसाखरेचा घेतात, हेही मला त्या दिवशी समजलं.

बाहेर आले तेव्हा प्रीती पायऱ्यांवर बसली होती. वडील न्यायला येणार होते. मी तिच्या शेजारी बसले.

"प्रीती, चुकलं माझं. तुला गप्प राहायला सांगायला नको होतं."

ती इतकी अवघडली की उठूनच उभी राहिली. "ताई, असं काय म्हणताय!"

"खरं तेच म्हणतेय. बस."

ती बसली. मग म्हणाली, "ताई, मीबी एक सांगू? रागावणार न्हाई ना?"

"आज नाही रागावत. आजच्या दिवस सवलत आहे."

"मला आज पयल्यांदा दिसलं."

"काय?"

"गुणसूत्र. जुलैपास्नं तुमी विचारताय, दिसलं का, आणि मी म्हणतेय, दिसलं. नुसतं गुलाबी गुलाबी दिसायचं. मागं पोरं उभी असायची, तुमाला घाई असायची. मी पुस्तकातलं चित्र काढलं जर्नलात. तेवढं एक मी खोटं बोलले, ताई. लय दिवस मनात होतं."

मी त्या चित्राला दहापैकी नऊ दिले होते.

"आणि बाकीच्यांना दिसतं का?"

तिने विचार केला. "दुसऱ्याचं मी कसं सांगू? तुमी विचारा त्यांना."

फाटकाशी मोटारसायकलचा आवाज आला. तिच्या वडिलांनी, नेमिनाथअण्णांनी, लांबूनच मला नमस्कार केला. प्रीती पळत गेली. मी तिथेच बसून राहिले आणि मला साताऱ्याची आमची प्रयोगशाळा आठवली. तीन वर्षं मीसुद्धा दिसलं दिसलं म्हणत काढली होती. पहिल्यांदा खरं दिसलं ते एम.एस्सी.ला, एकटीच होते तेव्हा, मागे कुणी उभं नव्हतं म्हणून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

दिवाळी झाली. पत्र आलं. नव्या सत्राच्या पहिल्या तासाला मी वाटाण्याची मुळं तयार ठेवली, एकाच मायक्रोस्कोपखाली एक चांगली स्लाइड लावली आणि बत्तीस मुलांना समोर बसवलं.

"सह्या झालेल्या आहेत, गुण देऊन झालेत, ते आता कमी होणार नाहीत," मी म्हणाले. "खरं सांगा. गुणसूत्रं अजून एकदाही दिसलेली नाहीत असे कितीजण? मला स्वतःला एम.एस्सी.पर्यंत दिसली नव्हती."

कुणी हलेना. मग मागून एकाचा हात अर्धवट वर आला. त्याच्या शेजारणीचा आला. मग पटापट यायला लागले. मी मोजले, एकोणतीस. उरलेल्या तिघांत प्रीती होती. बाकीचे दोघे एकमेकांकडे बघत होते, जरा वेळाने त्यांनीही हात वर केले.

"म्याडम," बेसिनपाशी उभे असलेले दादासो म्हणाले. त्यांचाही ओला हात वर होता. "मलाबी न्हाई कवा दिसलं. सव्वीस वर्सं झाली कांदं मांडतोय."

सव्वीस वर्षांत त्यांना कुणी बघता का म्हणून विचारलं नव्हतं. त्यातली पाच माझी होती.

"या," मी म्हणाले. "तुम्ही पहिले."

"आवं, मी कशाला, पोरास्नी बघू द्या की."

"पोरं थांबतील. या."

दादासोंनी हात पँटला पुसले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि स्टूलवर बसले. एक डोळा मिटून वाकले. सगळा वर्ग त्यांच्याभोवती गोळा झाला, पण कुणी ढकलत नव्हतं. मी सवयीने विचारलं.

"दिसलं?"

दादासोंनी डोळा न हलवता बराच वेळ बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी त्यांच्या शेजारी वाकले आणि सावकाश स्क्रू फिरवायला घेतला.